छायाचित्रकार राजा : जयपूरचे सवाई रामसिंह

जयपूर हे नाव मराठी रसिकाच्या कानी पडते ते बहुधा गायकीच्या निमित्ताने. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरास आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्राच्या घरची झाली. ज्या दरबाराचे नाव या घराण्याला लागले, त्या दरबाराला एकोणिसाव्या शतकात गुणिजनांचे माहेरघर बनविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्याकडे जाते. ध्रुपदाचे थोर गायक बहरामखाँ त्यांच्याच पदरी होते. परंतु गाणे ऐकणारा राजा आणि स्वतः तंबोरा घेऊन बसणारा राजा यांत पुष्कळ अंतर असते. कलेला आश्रय देणारे राजे आपल्याकडे उदंड झाले. कलेचे काबाडकष्ट स्वतःच्या हातांनी उपसणारे मात्र फार थोडे. रामसिंहांनी एका कलेच्या बाबतीत हे अंतर ओलांडले. ती कला म्हणजे त्या काळी अगदी कोवळी असलेली छायाचित्रणाची विद्या. माणसांच्या तसबिरी घेणारा एक श्रेष्ठ छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव आज भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

रामसिंह गादीवर आले ते १८३५ साली. पिता सवाई जयसिंह तिसरे यांचे ऐन तारुण्यात निधन झाले, त्या वेळी रामसिंह अगदी तान्हे होते. राज्याचा कारभार पुढे बरीच वर्षे कंपनी सरकारच्या प्रतिनिधीच्या देखरेखीखाली चालला. या काळात राजाला पाश्चात्त्य विद्येचा परिचय झाला आणि घरच्या संस्कारांचीही जोपासना झाली. वयात आल्यावर त्यांनी जयपूरचे रूप पालटण्याचे काम हाती घेतले. शाळा, महाविद्यालय, मुलींची शाळा, कलाशाळा, रुग्णालय, नळाचे पाणी, रस्त्यांवरील गॅसचे दिवे, रामनिवास बाग अशा किती तरी गोष्टींशी त्यांचे नाव निगडित आहे. १८७६ साली इंग्लंडचे युवराज भेटीस आले, तेव्हा शहराच्या इमारतींना गुलाबी रंग देण्यात आला, ही हकीकत तर सर्वश्रुतच आहे. तथापि पाणी, दिवे आणि रस्ते हे सुधारक राजाचे काम झाले. रामसिंहांच्या मनाचा खरा ठाव लागतो तो त्यांच्या तसबिरींत.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली युरोपात जगजाहीर झाली आणि लवकरच जहाजांतून हिंदुस्थानच्या बंदरांवर उतरली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची एक मंडळी स्थापन झाली; कलकत्ता आणि मद्रास येथेही १८५६ साली तशा संस्था निघाल्या. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये या विषयाचा वर्गच सुरू झाला आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यवसायी छायाचित्रकार तयार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या क्षेत्रातील आद्य हिंदी कलावंतांपैकी एक. म्हणजे मराठी माणसाला ही कला जयपूरच्या आधीच अवगत झाली होती. फरक इतकाच, की मुंबईत ती डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या व व्यापाऱ्यांच्या हाती आली, तर जयपुरात ती थेट राजाच्या हाती गेली.

टी. मरे नावाचे एक इंग्रज छायाचित्रकार १८६४ साली जयपुरास आले. त्यांच्या सहवासात महाराजांनी या विद्येचे पाठ घेतले. दरबारात येणाऱ्या जाणत्या पाहुण्यांकडून नवे काही शिकून घेण्याची संधी ते सहसा सोडीत नसत. लुई रूसेले या फ्रेंच प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात महाराजांच्या भेटीची हकीकत दिली आहे. त्यांच्याशी बोलताना विषय छायाचित्रणाकडे वळला आणि हा राजा या कलेचा केवळ चाहता नसून स्वतः कसबी छायाचित्रकार आहे असे त्याला आढळून आले. रूसेले स्वतः छायाचित्रे घेणारा होता; तेव्हा त्याची ही साक्ष एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराविषयी दिलेली आहे. महाराज बंगालच्या छायाचित्रण संस्थेचे सभासद झाले. प्रवासास निघाले की कॅमेराही त्यांच्याबरोबर निघे. जयपूरच्या राजवाड्यात पूर्वापार छत्तीस कारखाने होते. चित्रकारांचा सुरतखाना, गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा गुणीजनखाना, असा प्रत्येक हुन्नरासाठी स्वतंत्र विभाग असे. या परंपरेत आता एका नव्या खात्याची भर पडली. ते म्हणजे फोटोखाना.

त्या काळी एक छायाचित्र काढणे म्हणजे काय खटाटोप असे, याची कल्पना आल्याशिवाय या राजाच्या छंदाची खरी किंमत कळणार नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कलावंताने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र रूढ होती. प्रथम काचेची एक तबकडी निर्मळ पुसून घ्यावयाची. ईथर आणि मद्यार्क यांत विरघळविलेले कलोडियन नावाचे चिकट द्रव्य तिच्यावर ओतावयाचे आणि काच चारी बाजूंना कलती करून ते सारखे पसरावयाचे. नंतर काळोख्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. तेथून काढलेली काच ओली असेपर्यंतच तिला प्रकाशाची जाण असते. म्हणून ती तशीच ठिबकती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, लगेच काळोख्या खोलीत धावत जाऊन रसायनाने ते उमटवावयाचे, पक्के करावयाचे, धुवावयाचे आणि वर रोगण चढवावयाचे. हा सारा खेळ अवघ्या काही मिनिटांचा. राजपुतान्याच्या रखरखीत उन्हाळ्यात ईथर झपाट्याने उडून जाते आणि काच पाहता पाहता सुकते. वाऱ्याबरोबर आलेला धुळीचा एक कण ओल्या थरावर बसला, तर ऐन चेहऱ्यावर डाग उमटतो. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी होतात आणि तो काळेपणा दिवसच्या दिवस जात नाही. चित्र मोठे करण्याची सोय तेव्हा सहजसाध्य नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात छाप काढावयाची, तेव्हा कोठे तांबूस तपकिरी छटेची तसबीर हाती येई.

तसबीर काढून घेणाऱ्यालाही या खटाटोपात वाटा उचलावा लागे. भिंगावरील टोपी निघाल्यापासून ती परत बसेपर्यंत काही सेकंद त्याने निश्चल राहावे लागे. जुन्या छायाचित्रांतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे एक उत्तर येथे आहे. हसू तेवढा वेळ टिकत नाही. टिकतो तो माणसाचा स्वाभाविक, स्थिर चेहरा. आणखीही एक मौज होती. या ओल्या काचेला निळा प्रकाश फार लवकर कळे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे जयपूरच्या बाजारात डोळ्यांत भरणारी लालभडक चुनरी आणि केशरी ओढणी तसबिरीत काळीकुट्ट उमटे, तर फिकट निळे वस्त्र पांढरे होऊन जाई. रंगांच्या या नगरीतून कॅमेऱ्याने रंग काढून घेतला आणि मागे ठेवला तो चेहरा. रामसिंहांच्या कलेचे मर्म या चेहऱ्यात आहे.

हे मर्म कळण्यासाठी जयपूरच्या चित्रपरंपरेकडे क्षणभर वळावे लागेल. राजपूत लघुचित्रांत माणसाचा चेहरा बहुधा एका बाजूने दाखविलेला असतो. अशा चित्राला एकचश्म म्हणत, कारण त्यात एकच डोळा दिसतो. राजा कोणता हे त्याच्या मिशांवरून, पागोट्यावरून आणि मस्तकामागील तेजोवलयावरून ओळखावयाचे. स्त्रियांच्या बाबतीत तर ओळखीचा प्रश्नच नसे. कमळाच्या पाकळीसारखा डोळा, धारदार नाक, लहानशी जिवणी हा साचा ठरलेला होता. राणी असो, राधा असो किंवा एखादी रागिणी असो, चेहरा तोच. या चित्रांचे सौंदर्य अलौकिक आहे यात शंका नाही. परंतु ते सौंदर्य एका आदर्शाचे आहे, अमुक एका व्यक्तीचे नव्हे. चित्रकाराला अंतःपुरातील स्त्री समोर बसवून तिचे रूप टिपण्याची मुभाच नव्हती. म्हणून जयपूरच्या जनान्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शेकडो स्त्रियांचे चेहरे काळाच्या उदरात गडप झाले. त्यांच्या नशिबी साचा आला, तसबीर आली नाही.

रामसिंहांनी या स्त्रियांना भिंगासमोर बसविले. मागे बागेचे किंवा खांबांचे देखावे रंगविलेला पडदा, पायांखाली गालिचा, बाजूला विलायती घाटाचे मेज वा खुर्ची, अशी त्यांच्या या तसबिरींची मांडणी असते. लंडन किंवा पॅरिस येथील एखाद्या प्रतिष्ठित गृहिणीची तसबीर ज्या थाटात काढली जाई, तोच हा थाट. मात्र खुर्चीवर बसलेली स्त्री घागरा-ओढणीतील, कपाळावर बोर आणि अंगभर दागिने ल्यालेली, अस्सल ढुंढाडी वळणाची असते. ती तोंड फिरवून बसत नाही. समोर पाहते. कोणाच्या नजरेत संकोच आहे, कोणाच्या नजरेत कुतूहल, कोणी किंचित थकलेली वाटते, तर कोणी या साऱ्या प्रकाराकडे थोड्या अविश्वासाने पाहते आहे. कोणी थोराड हाडाची आहे, कोणी नाजूक. कोणाचे नाक बसके, कोणाचे कपाळ रुंद. एकीसारखी दुसरी नाही. एकचश्म चित्रांतील तो एकच एक सुंदर चेहरा येथे विरून जातो आणि त्याच्या जागी निरनिराळी माणसे दिसू लागतात.

जनाना म्हणजे केवळ राण्यांचे निवासस्थान नव्हे. ते एक लहानसे गावच होते. तेथे पडदायत आणि पासवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपस्त्रिया होत्या, दासी होत्या, गाणाऱ्या-नाचणाऱ्या होत्या. रामसिंहांच्या तसबिरींत दिसणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याचजणी राण्या नसाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. ते लक्षात घेतले म्हणजे या तसबिरींचे मोल अधिकच वाढते. राणीचे नाव निदान वंशावळीत तरी राहते. पडदायतीचे किंवा दासीचे नाव कोण लिहून ठेवणार? ज्यांची नोंद घेण्याची इतिहासाला गरज वाटली नाही, त्यांना राजाने खुर्ची दिली, गालिचा दिला, आणि राजघराण्यातील व्यक्तीला शोभेल अशी बैठक दिली.

हिंदुस्थानातील अंतःपुराविषयी युरोपात त्या काळी भलत्याच कल्पना पसरल्या होत्या. जनाना म्हणजे आळस, विलास आणि कारस्थाने यांची अंधारकोठडी, असे चित्र प्रवासवर्णनांतून आणि मिशनरी मंडळींच्या लिखाणातून रंगविले जाई. पुढे बाजारात विकल्या गेलेल्या छायाचित्रांतूनही पौर्वात्य स्त्री ही बहुधा लोळलेली, उत्तान आणि पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी सजविलेली अशीच दाखविण्यात आली. रामसिंहांच्या तसबिरींत यातले काहीही नाही. त्या स्त्रिया ताठ बसतात, हात आवरून बसतात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवितात. कसलाही वादविवाद न करता या काचांनी त्या कल्पनांना दिलेले हे उत्तर आहे.

हे काम रामसिंहांनाच का साधले, याचे कारण पडद्याच्या रूढीतच सापडते. पडदा असतो तो परपुरुषापासून. परका छायाचित्रकार जनान्यात पाऊल टाकू शकत नव्हता; घरधन्याला मात्र मज्जाव नव्हता. येथे घरधनीच छायाचित्रकार होता. हा योग दुर्मीळ खरा, पण अगदीच एकाकी नव्हे. लखनौ येथे अहमद अली खान यांनी १८५७ पूर्वी नबाब वाजिद अली शाह यांच्या बेगमांची छायाचित्रे घेतली होती. पुढे त्रिपुराचे महाराजा वीरचंद्र माणिक्य हेही छायाचित्रणात पारंगत झाले. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली, तेव्हा तिची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपवावी लागली. ज्या दीनदयाळांनी इंदूरच्या होळकर दरबारापासून निजामापर्यंत सर्वांची मने जिंकली, त्यांनाही हा उंबरठा ओलांडता आला नाही.

परंतु ज्या अधिकारामुळे ही तसबीर शक्य झाली, तोच अधिकार तिच्याविषयी एक कठीण प्रश्नही उभा करतो. समोर बसलेल्या स्त्रीला ‘नको’ म्हणण्याची मुभा होती काय? राजाचा शब्द हाच जेथे कायदा, तेथे संमती या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. जिने आजवर परपुरुषाला तोंड दाखविले नाही, तिला आपला चेहरा काचेवर कायमचा उतरविला जात आहे याचे काय वाटले असेल? तिच्या नजरेतील अविश्वास कदाचित याच प्रश्नाचा असेल. शिवाय तसबीर निघाली म्हणून पडदा उठला नाही. टोपी भिंगावर बसली आणि ती स्त्री पुन्हा आपल्या दालनात परतली. १९४० साली बडोद्याच्या इंदिराराजे यांच्या कन्या गायत्रीदेवी विवाह होऊन जयपुरास आल्या, तेव्हाही राजवाड्यात पडदा पाळला जात होता. आणि तो सैल व्हावा या हेतूने त्यांनी १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. तेव्हा रामसिंहांना पडदा दूर करणारे क्रांतिकारक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी केले ते एवढेच, की पडद्याच्या आत राहणारे माणूस हे माणूस आहे, त्याला स्वतःचा चेहरा आहे, हे पुराव्यानिशी नोंदवून ठेवले. हे थोडे आहे, पण क्षुल्लक नाही.

या बाबतीत राजाने स्वतःलाही सवलत दिली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी स्वतःच्या तसबिरीही घेतल्या. मांडणी त्यांची, प्रकाशाची योजना त्यांची. टोपी काढण्यापुरता मदतनिसाचा हात. काहींत ते राजपूत वीराच्या वेषात आहेत. काहींत साध्या पोषाखात, डोळ्यांवर चष्मा लावलेले, एखाद्या अभ्यासू गृहस्थासारखे दिसतात. सर्वांत मनावर ठसते ती त्यांची शिवभक्ताच्या रूपातील तसबीर. रुद्राक्ष धारण करून पूजेच्या साहित्यासह बसलेला हा साधक राजा आहे असे एरवी सांगूनही पटले नसते. रामसिंह निष्ठावंत शैव होते, आणि १८६० नंतरच्या दशकात जयपुरात शैव-वैष्णवांचा वाद बराच पेटला होता. त्या पार्श्वभूमीवर ही तसबीर म्हणजे केवळ हौस राहत नाही. ते आपल्या श्रद्धेचे उघड प्रतिपादन ठरते. एकाच माणसाची ही तीन-चार रूपे जवळजवळ ठेवून पाहिली, की या राजाला माणसाच्या चेहऱ्याचे कुतूहल का होते हे उमगते. आपण नेमके कोण, हा प्रश्न त्याने प्रथम स्वतःलाच विचारला होता.

जनाना आणि स्वतः राजा यांच्याखेरीज या संग्रहात दरबारी मंडळी आहेत, सेवक आहेत, साधू आहेत, कलावंतिणी आहेत. जयपूरचे रस्ते, आमेरचा किल्ला, मंदिरे आणि बागा यांचीही छायाचित्रे आहेत. स्थळांच्या या चित्रांत नजरेची सफाई आहे. तथापि अशी चित्रे घेणारे त्या काळी इतरही होते. माणसांच्या तसबिरींत मात्र रामसिंहांची बरोबरी करणारे थोडेच.

१८८० साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, महाराजांचे निधन झाले. दत्तक पुत्र माधोसिंह गादीवर आले. रामसिंहांचा छंद त्यांच्याबरोबरच ओसरला. काचा पेट्यांत गेल्या आणि छाप वह्यांत मिटून राहिले. १९५९ साली महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांनी राजवाड्यात संग्रहालय स्थापन केले, तेव्हा तेथील चित्रे, शस्त्रे, वस्त्रे आणि हस्तलिखिते यांकडे जगाचे लक्ष गेले. काचांच्या वाट्याला ते भाग्य बऱ्याच उशिरा आले. संग्रहालयातील विद्वान यदुएंद्र सहाय यांनी या ठेव्याचा कसून अभ्यास केला आणि १९९६ साली छायाचित्रकार महाराजांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर देशोदेशींचे अभ्यासक या काचांकडे वळले. काचांची संख्या दोन हजारांच्या घरात भरते. चित्रकाराचा कागद फाटला तरी जोडता येतो. काच फुटली की चेहरा गेला. दीडशे वर्षे उन्हाळे-पावसाळे सोसून इतक्या काचा शाबूत राहिल्या, यात दैवाचा भाग आहे तसाच राजवाड्यातील नावनिशी नसलेल्या कारभाऱ्यांच्या निगराणीचाही आहे.

थोर तसबिरकार कोणाला म्हणावे? यंत्र उत्तम चालविणारा पुष्कळदा कारागीर ठरतो. समोरच्या माणसाचे सौंदर्य खुलविणारा कुशल म्हणविला जातो. परंतु जो माणसाला त्याचे स्वतःचे रूप परत देतो, पद, पोषाख आणि रूढी यांच्या ओझ्याखालून त्याचा चेहरा वर काढतो, त्यालाच थोर म्हणता येईल. या कसोटीवर सवाई रामसिंहांची कामगिरी उतरते. त्यांच्या राज्यातील सत्ता, मानमरातब आणि दरबार आता इतिहासजमा झाले आहेत. ज्यांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते, त्या जनान्यातील स्त्रिया मात्र काचेवरून अजून थेट आपल्याकडे पाहत आहेत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे चेहरे मात्र एका राजाने स्वतःची बोटे काळी करून जपले.